पासपोर्टावरील जन्मगाव

कार्तिकी पौर्णिमेला भिवंडीच्या देरासरात शत्रुंजयाच्या पटाचे दर्शन झाले, चातुर्मास संपला, आणि त्याच संध्याकाळी सुताच्या व्यापारातील एका कुटुंबात केनियाच्या प्रवासाची वही उघडली गेली. वही पेढीवरचीच होती, लाल बांधणीची. थोरल्या मुलाने सवयीने पहिल्या पानावर ‘श्री’ काढले, मधोमध रेघ मारली आणि डाव्या बाजूस ‘जमा’, उजव्या बाजूस ‘नावे’ असे लिहिले. जमेच्या बाजूस काय लिहावयाचे हे मात्र त्यास सुचेना. अखेर नातवाने हात लांबवून तेथे ‘सिंह’ लिहिले.

कारण मात्र सिंह नव्हते. कारण बा होत्या. पंचाहत्तरीला टेकलेल्या बांच्या पासपोर्टावर जन्मस्थान म्हणून ‘मोंबासा’ छापलेले आहे, आणि गेली साठ वर्षे त्या गावी त्यांचे पाऊल पडलेले नाही. त्यांचे आजोबा हालारातून गेले ते छप्पनिया दुष्काळानंतरच्या काळात. संवत 1956 चा तो दुष्काळ, म्हणजे इसवी सन 1899-1900. जामनगर भागातल्या बावन गावांतील ओसवाळ शेतकऱ्यांची जमीन करपली, आणि समुद्रापलीकडे रेल्वे बांधली जात आहे, तेथे दुकानास वाव आहे, अशी वार्ता बंदरावरून आली. पहिली काही मंडळी 1899 च्या सुमारास मोंबासास उतरली. मग भावाने भावास बोलावले, मामाने भाच्यास. आज केनियातील जैनांमध्ये हालारी विसा ओसवाळांचीच संख्या सर्वांत मोठी आहे, आणि भिवंडीतल्या अनेक ओसवाळ घरांची एक फांदी नैरोबीत, थिकात वा मोंबासात आहे.

बांचे वडील मात्र परतले. 12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला. तेथे राहणाऱ्या भारतीयांपैकी ज्यांना जन्माने आपोआप नागरिकत्व मिळाले नव्हते, त्यांना अर्ज करण्यास दोन वर्षांची मुदत मिळाली. कोणी केनियाचा कागद घेतला, कोणी ब्रिटिश पासपोर्ट जपला. बांच्या वडिलांनी हिशेब चुकते केले, दुकानाची किल्ली शेजाऱ्याच्या हाती दिली आणि मुलाबाळांसह बोटीत बसले. बा तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. पुढे लग्न होऊन त्या भिवंडीस आल्या, आणि स्वाहिली भाषेतील उरलेसुरले शब्द त्यांच्या तोंडी स्वयंपाकघरातच कधीमधी येत राहिले. नारळ फोडताना ‘मडाफू’, म्हणजे शहाळे. पेढीवरून मुलगा उशिरा आला की ‘डुका’ बंद झाले का, ही पृच्छा. डुका हे दुकानाचेच रूप. आपल्या व्यापाऱ्यांनी आपला माल त्या देशात ठेवला तसा हा शब्दही ठेवला.

तेव्हा बेत ठरला तो असा, की मुलांना जंगल दाखवावे, सुनांना समुद्र दाखवावा आणि बांना त्यांचे गाव दाखवावे. जाणारे सातजण होते: बा, त्यांच्या धाकट्या जाऊबाई, म्हणजे मुलांच्या काकी, दोन मुले, थोरली सून, महाविद्यालयात शिकणारी नात आणि अकरा वर्षांचा नातू. धाकट्या सुनेचे माहेरचे लग्नकार्य त्याच महिन्यात असल्याने तिने आधीच अंग काढून घेतले होते.

पहिला प्रश्न तारखांचा. प्रवासी कंपनीच्या पत्रकात जुलै ते ऑक्टोबर हा काळ ठळक छापला होता. या महिन्यांत टांझानियातील सेरेंगेटीतून निघालेले विल्डबीस्टचे कळप मसाई मारात येतात, लाखोंच्या संख्येने मारा नदी ओलांडतात, आणि नदीत सुसरी वाट पाहत असतात. पत्रकावर चित्रही त्याचेच होते. परंतु तो काळ म्हणजे नेमका आपला चातुर्मास, आणि मध्ये पर्युषण. बांनी पत्रक दूर सारले. उन्हाळ्याच्या सुट्टीत जावे, तर मार्च ते मे हा तेथील मोठ्या पावसाचा काळ. कच्च्या वाटांवर गाडी रुतते. दिवाळीनंतर लगेच जावे, तर नोव्हेंबरात लहान पावसाळा. नाताळात हवा उत्तम, पण भाव दुप्पट, आणि व्यापाऱ्याने दुप्पट भावात माल उचलावा हे थोरल्याच्या प्रकृतीस मानवणारे नव्हते. शेवटी जानेवारीचा अखेरचा आठवडा ठरला. नातवाच्या शाळेचे दहा दिवस बुडणार होते. त्याबद्दल त्याच्या आईने चिंता व्यक्त केली, त्याने केली नाही.

जानेवारी ऐकून बा म्हणाल्या, “म्हणजे कास्काझी.”

ईशान्येकडून वाहणारा हा वारा साधारण नोव्हेंबर ते मार्च आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर असतो. शिडाच्या गलबतांच्या दिवसांत कच्छ-काठियावाडच्या बंदरांतून निघालेले व्यापारी याच वाऱ्यावर मोंबासा आणि झांझिबारला जात; मग एप्रिलनंतर वारा फिरून आग्नेयेकडून ‘कुसी’ वाहू लागला की त्यावर परतत. मधले महिने वाट पाहावयाची, उधारी वसूल करावयाची, परतीचा माल भरावयाचा. आता मुंबईहून विमान सुमारे सहा तासांत नैरोबीस पोहोचते, आणि घड्याळ अडीच तास मागे करावे लागते. तरीही आपण निघणार ते आजोबांच्या वाऱ्यात, ही गोष्ट बांना फार आवडली.

दुसरा प्रश्न जंगल कोणते. येथे घरात खरा वाद झाला. नातवास मसाई मारा हवे होते, कारण तेथे सिंह पुष्कळ. नात मात्र या सहलीवरच रुसली होती. तिचे म्हणणे असे, की आपण पाणी गाळून पितो, वाटेतली मुंगी ओलांडून जातो, आणि मग पैसे भरून एका प्राण्याने दुसऱ्यास फाडलेले पाहण्यास जाणार? त्या पत्रकात ‘शिकार दिसण्याची उत्तम संधी’ असे शब्द होतेच. तिने त्याखाली दोनदा रेघ ओढली होती. तिचे वडील म्हणाले, की निसर्गाचा तो नियमच आहे, त्यात आपला काय दोष? मुलगी म्हणाली, “मग टाळ्या कशाला वाजवतात?” तिने कुठल्याशा चित्रफितीत ते पाहिले होते. चित्त्याभोवती गाड्यांचा घोळका उभा, आणि हरीण पडताच गाड्यांतून आनंदाचा गलका.

बा बराच वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “सिंह भुकेला असतो. त्याच्या कर्माचा हिशेब त्याचा. हरणाचाही त्याचा. पण टाळी आपली असते. करणे, करवणे आणि अनुमोदणे, तिन्हींचा बंध सारखाच सांगितलाय. त्या सिंहाने ना मला विचारले, ना मी त्याला सांगितले. टाळी वाजवली तर मात्र मी त्यात भागीदार झाले.” मग नातवाकडे वळून त्यांनी सांगितले, की सिंह पाहण्यास हरकत नाही, महावीरस्वामींचे लांछन सिंहच आहे. परंतु शिकार होऊ लागली तर गाडी पुढे न्यावयास सांगावयाचे. नातवाने विचारले, की तेवढ्यात सिंह इकडे आला तर? बा म्हणाल्या, की मग गाडी पुढे न्यावयास सांगावेच लागणार नाही, चालक स्वतःच नेईल.

यावर सर्व हसले, आणि तोड निघाली ती अंबोसेलीची. हे उद्यान लहान आहे, सुमारे 392 चौरस किलोमीटर, किलिमांजारोच्या पायथ्याशी. शिखर सीमेपलीकडे टांझानियात आहे, पण पाहावयाचे ते येथूनच, पहाटे, ढग चढण्यापूर्वी. पर्वतावरचे पाणी जमिनीखालून येऊन येथे दलदलीत उगवते, आणि भोवताली सारी धूळ असूनही त्या हिरव्या पट्ट्यात हत्ती पोटापर्यंत पाण्यात उभे राहतात. या हत्तींचा अभ्यास सिंथिया मॉस या बाईंनी 1972 मध्ये सुरू केला आणि तो आजतागायत चालू आहे. कोणती हत्तीण कोणाची आजी, कोणाची मावशी, हे सर्व नोंदलेले आहे. कळप चालतो तो वडीलधाऱ्या हत्तिणीच्या मागे. दुष्काळात पाणी कोठे सापडेल हे तिच्या आठवणीत असते. हे वाचून दाखविले गेले तेव्हा थोरल्या सुनेने सासूबाईंकडे पाहिले, आणि सासूबाईंनी वहीकडे.

हत्तींच्या उल्लेखाने बांना आईचा हस्तिदंती चुडा आठवला. आईच्या दोन्ही हातांत तो असे, लग्नात घातलेला. लहानपणी बा त्याच्याशी खेळत, आणि तो कशाचा आहे हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेचे हस्तिदंत झांझिबारमार्गे मुंबईस येई आणि त्यातून गुजरात-राजस्थानच्या नववधूंचे चुडे कातले जात. मुंगी ओलांडणाऱ्या घरांतील वधूंच्या हातांतही ते होते. “कोणी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही,” एवढेच बा म्हणाल्या. केनियाने 1977 साली शिकारीस बंदी घातली. तरीही चोरट्या शिकारीने हत्ती संपत चालले, तेव्हा 1989 मध्ये त्या देशाने 12 टन हस्तिदंत जाहीरपणे जाळले; 2016 मध्ये 105 टन. एवढा माल विकून पैसा करता आला असता, असे थोरल्या मुलाच्या तोंडून निघून गेले. माल आहे तोवर गिऱ्हाईक आहे, हे व्यापाऱ्यास कोणी समजावून सांगावे लागत नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, की बाजार बंद करण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

म्हणून नैरोबीतील एक सकाळ शेल्ड्रिक संस्थेच्या हत्ती अनाथालयासाठी ठेवली गेली. आई मारली गेलेली, विहिरीत पडलेली, दुष्काळात मागे राहिलेली पिल्ले तेथे वाढवून पुढे त्सावोच्या जंगलात सोडली जातात. पाहुण्यांना सकाळी 11 ते 12 असा एकच तास, तोही आधी नोंदणी करून. दूधपित्या पिल्लास गाईच्या दुधाची चरबी पचत नाही. अनेक वर्षे पिल्ले हाती लागूनही मरत. डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी प्रयोग करता करता दुधात खोबरेल तेल मिसळले आणि पिल्ले जगू लागली. ही माहिती काकींना इतकी आवडली की त्यांनी ती शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगितली.

खाण्याचा प्रश्न, ज्याची सर्वांत जास्त भीती होती, तो सर्वांत लवकर सुटला. शंभर वर्षांहून अधिक काळ गुजराती घरांच्या सहवासाने केनियात शाकाहार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. चपाती हा तर तेथील लोकांचाच पदार्थ झाला आहे. कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको, हे आधी लेखी कळवावे, एवढेच. मक्याची ‘उगाली’ आणि ‘सुकुमा विकी’ नावाची पालेभाजी तेथे घरोघरी असते. बांना आठवत होते ते रस्त्याकडेला तळलेले, लिंबू-तिखट लावलेले मोगोचे काप. शेजारची मुले खात आणि वास येई. मोगो म्हणजे कसावा, कंदमूळ. चौदा वर्षांत एकदाही खाल्ला नव्हता, आणि वास मात्र साठ वर्षे लक्षात राहिला.

अडचण निघाली ती वेळेची. सफारीची गाडी सूर्योदयास निघते, कारण तेव्हा प्राणी हिंडतात. पण नवकारशी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी. तेव्हा सकाळचा चहा गाडीत, थर्मासमधून. दुपारची फेरी सूर्यास्तापर्यंत चालते. पण बा आणि काकींचा चोविहार. उद्यानात ठरावीक जागा सोडून गाडीतून पाय खाली ठेवता येत नाही. म्हणजे साडेपाचच्या सुमारास, कदाचित हत्तींच्या साक्षीने, गाडीतच थेपले उघडावे लागणार. एक सोय मात्र निसर्गानेच करून ठेवली आहे. तो प्रदेश विषुववृत्तालगत असल्याने सूर्य बाराही महिने जवळजवळ त्याच वेळी उगवतो व मावळतो. जानेवारीअखेर दोन्ही वेळा पावणेसातच्या आसपास. मात्र संधिप्रकाश रेंगाळत नाही. मोंबासात दिवस मावळला की कोणीतरी दिवा फुंकरल्यासारखा अंधार होई, असे बा सांगतात, आणि त्यांच्या आई साडेपाचलाच पाने मांडीत.

त्सावो पाहावयाचे ते आगगाडीतून. 2017 पासून नैरोबी-मोंबासा नवी गाडी सुरू आहे. सुमारे पाच तासांत पोहोचविते. रूळ त्सावोच्या उद्यानातून जातात, आणि हत्तींना खालून जाता यावे म्हणून ठिकठिकाणी भराव उंचावून मोऱ्या ठेवल्या आहेत. जुनी गाडी रात्रभराची होती. तिच्या बांधणीसाठी 1896 ते 1901 या काळात हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर नेले गेले, त्यांतले बरेच पंजाबचे. जवळपास अडीच हजार तेथेच मेले. 1898 मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाच्या कामात दोन नरभक्षक सिंहांनी महिनोन्महिने अडथळा आणला होता. पॅटरसन या अभियंत्याने त्या वर्षीच्या डिसेंबरात ते मारले, आणि पुस्तक लिहून तो प्रसिद्धही झाला. तंबूंतून ओढून नेलेल्या मजुरांपैकी फारच थोड्यांची नावे कोणास ठाऊक आहेत. नातवाला सिंहांची गोष्ट सांगताना बांच्या वडिलांनी सांगितलेली ही बाजूही सांगितली गेली, आणि वहीच्या जमेच्या रकान्यातील ‘सिंह’ या शब्दापुढे त्याने स्वतःहून एक प्रश्नचिन्ह काढले.

इतके सर्व जुळून आले, तिकिटांचा आगाऊ पैसा भरला, आणि मग लशीचा कागद समोर आला.

पीतज्वर हा रोग आफ्रिका व दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आहे. केनिया त्यांत येतो. तेथून भारतात परतणाऱ्याने निदान दहा दिवस आधी लस घेतल्याचा दाखला दाखवावा लागतो. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. थोरल्याने केंद्रात नावे नोंदविली. नातीने माहितीपत्रक वाचावयास घेतले, आणि एका ओळीवर ती थांबली. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी सांगावे, असे तेथे लिहिले होते. का, म्हणून तिने शोधले. ही लस कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्यांत वाढवून तयार करतात. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून हीच रीत आहे, दुसरी लस नाही.

तिने ते जेवणाच्या पाटावर सांगितले. सांगावे की नाही, याचा तिने दोन दिवस विचार केला होता. तिच्या वडिलांना वाटले, की न सांगती तर बरे झाले असते. आणि तसे ते बोललेही. बांनी हातातला घास खाली ठेवला. “न सांगून तुम्ही मला नेले असते?” एवढाच प्रश्न त्यांनी मुलास केला. मुलगा उत्तर देऊ शकला नाही. त्या घरात त्या रात्री कोणी वही उघडली नाही.

काकींनी दुसऱ्या दिवशी आपले नाव काढून घेतले. त्यात रुसवा नव्हता. “औषध असते, जीव जात असता, तर वेगळे. हौसेखातर नाही,” असे त्या म्हणाल्या, आणि आपल्या तिकिटाचे पैसे किती बुडतील हे विचारून घेऊन तेवढे पुतण्याच्या हातावर ठेवले. त्याने ते घेतले नाहीत. त्यांनी ते देरासरच्या जीवदयेच्या पेटीत टाकले.

बांची गोष्ट सोपी नव्हती. त्यांच्यासाठी ही हौस नव्हती, आणि औषधही नव्हते. मोंबासात 1963 साली उभे राहिलेले संगमरवरी पार्श्ववल्लभ देरासर आहे. भारताबाहेरचे पहिले शिखरबंध देरासर अशी त्याची ख्याती आहे. बांनी ते बांधले जाताना पाहिले होते. वडिलांनी दुकानातून रोज थोडे बाजूला काढून त्यात घातले होते, आणि दोनच वर्षांत ते सर्व तेथे सोडून ते निघून आले होते. पुन्हा एकदा मूळनायकांपुढे उभे राहावे, एवढीच बांची इच्छा होती. त्यांनी मार्ग काढला. “सहा दिवस एकांतात ठेवतील ना? ठेवू देत. पर्युषणात आठ-आठ दिवसांचे पौषध केलेत मी. सहा दिवसांचे काय?” साऱ्या घरास हे उत्तर फार सुंदर वाटले. थोरल्याने तर विलगीकरणात उकळलेले पाणी कसे पोहोचवावयाचे याची चौकशीही सुरू केली.

कुटुंबाच्या डॉक्टरांस मात्र ते पटले नाही. गेली तीस वर्षे ते या घरात येत आहेत आणि बांशी स्पष्ट बोलण्याचा त्यांना अधिकार आहे. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यास त्रास होण्याचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. म्हणून ‘घ्याच’ असे ते म्हणणार नव्हते, आणि तपासण्या केल्याशिवाय तर मुळीच नव्हते. दुसरी गोष्ट त्यांनी जरा थांबून सांगितली. “बा, हा रोग डास पसरवतो. तो डास भिवंडीत घरोघरी आहे. डेंग्यू त्यानेच होतो. रोग मात्र आपल्या देशात नाही. एकही रोगी येऊ नये म्हणून तो दाखला मागतात. सहा दिवसांचा एकांत ही तुम्हाला शिक्षा नाही. तुमच्या अंगात काही आले असेल तर ते बाहेर पडू नये म्हणून आहे. तुम्ही तपश्चर्येचा हिशेब करताय. समोरच्या वस्तीतल्या पोरांचा हिशेबही त्यात धरा.”

बा चार दिवस कोणाशी फारसे बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी सुनेस घेऊन त्या शहापूरला गेल्या. चातुर्मासात भिवंडीस असलेल्या साध्वीजी विहार करीत तेथील उपाश्रयात मुक्कामास होत्या. साध्वीजींनी सर्व ऐकून घेतले. प्रवासास जा असे त्या म्हणाल्या नाहीत, जाऊ नका असेही नाही. लस घेण्याविषयी होकार वा नकार दिला नाही. सांसारिक कार्याची आज्ञा साधू देत नाहीत, हे बांना ठाऊक होते, तरीही त्या गेल्या होत्या. दोष लागला असे वाटले तर आलोचना करावयास या, एवढे साध्वीजी बोलल्या, आणि मग त्यांनी बांना मोंबासातल्या देरासराविषयी विचारले. मूळनायक कोण, शिखर कसे, समुद्र तेथून दिसतो का. बा अर्धा तास सांगत होत्या. परतताना गाडीत त्यांनी सुनेस विचारले, की डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या उपाशीपोटी असतात की कसे.

तपासण्या ठीक आल्या. केंद्रावर सकाळीच रांग होती. जहाजावर जाणारी मुले, आफ्रिकेत नोकरीस निघालेले मेकॅनिक, एक फुटबॉलचा संघ. कागद भरून घेणाऱ्या परिचारिकेने ठरलेले प्रश्न ठरलेल्या सुरात विचारले. ताप? नाही. हृदयविकार? नाही. अंड्याची ॲलर्जी?

“माहीत नाही, बेटा,” बा म्हणाल्या. “कधी खाल्लेच नाही.”

परिचारिकेने मान वर केली. आतून डॉक्टर आले, त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले, आणि लस टोचल्यावर बांना अर्धा तास तेथेच बाकावर बसवून ठेवले. काही झाले नाही. नातीने तो अर्धा तास बांचा दुसरा हात धरून ठेवला होता. अनानुपूर्वीची पुस्तिका बांनी बरोबर आणली होती, ती त्यांनी वाचली. दाखल्याची पिवळी पुस्तिका हाती आली तेव्हा त्यांनी तीही उलटसुलट पाहिली आणि ‘जन्मभर’ या शब्दावर बोट ठेवून हे खरे का, असे विचारले. पुढचे तीन दिवस त्यांनी आयंबिल केले. ते कशासाठी, हे घरात कोणी विचारले नाही.

आता निघावयास सोळा दिवस उरले आहेत. दियानीच्या किनाऱ्यावरचे निवासस्थान ठरले आहे. मोंबासा बेटावरून लिकोनीच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून तेथे जावयाचे. किनाऱ्यालगतच्या झाडांत कोलोबस माकडे आहेत आणि ती रस्त्यावर गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून रस्त्यावरून दोरांच्या शिड्या टांगलेल्या आहेत, हे समजल्यापासून नातीचा रुसवा बराच निवळला आहे. ओहोटीच्या वेळी प्रवाळाच्या खडकांवर चालावयाचे नाही आणि शंख-शिंपले उचलावयाचे नाहीत, ही बांची अट सर्वांनी मान्य केली आहे. पहिल्या संध्याकाळी समुद्रस्नान नाही. पहिली संध्याकाळ मोंबासाच्या दीपगृहाजवळची, जेथे गोरखचिंचेच्या जुन्या झाडांखाली गुजराती कुटुंबे वाऱ्यास बसत. मडाफू प्यावयाचे ते सूर्य मावळण्यापूर्वी.

सामानाचे काम काकींनी अंगावर घेतले आहे. केनियाने 2017 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, आणि 2020 पासून उद्यानांत व किनाऱ्यांवरील संरक्षित भागांत एकदाच वापरावयाचे प्लास्टिकही नेता येत नाही. विमानतळावर पिशव्या काढून घेतात. तेव्हा खाकरे, सुखडी, मेथीचे थेपले, चण्याची डाळ, सारे पुड्यांतून काढून स्टीलच्या डब्यांत आणि मलमलच्या पिशव्यांत भरावे लागत आहे. पिशव्या काकींनी स्वतः शिवल्या. प्रत्येकीवर त्यांनी लाल दोऱ्याने एक-एक अक्षर घातले आहे, म्हणजे अंधारातही हात लावून कळावे, की कोणत्या पिशवीत काय आहे. सर्वांत लहान पिशवीत तांदूळ आहेत, निवडून, एकही कणी नसलेले. त्या पिशवीवर त्यांनी अक्षर घातलेले नाही. ती मोंबासाच्या देरासरात रिकामी व्हावयाची आहे, आणि त्यातली एक मूठ आपल्या नावाची, असे त्यांनी जाऊबाईंना सांगून ठेवले आहे.